पगार सुरू होण्याआधीच त्यावर हप्ते लावू नका

सोलापूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांचं पत्र आहे. १४ महिन्यांनी ते निवृत्त होतील, पेन्शन साधारण ४८ हजार बसेल आणि हातात २८ लाखांच्या आसपास रक्कम येईल. मुलगी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आहे, तिची इंटर्नशिप मार्चमध्ये संपते. तिला अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनमध्ये रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात पगारी पदव्युत्तर प्रशिक्षण करायचं आहे आणि यूएसएमएलई या तिथल्या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेची स्टेप १ ती पास झाली आहे. एका सल्लागार संस्थेने १४ लाखांचं ‘मॅच गॅरंटी पॅकेज’ देऊ केलं आहे. मॅच झालं नाही, म्हणजे रेसिडेन्सीची जागा मिळाली नाही, तर निम्मे पैसे परत. संस्थेला ५० हजार टोकन देऊन झालं आहे. प्रश्न असा, की उरलेल्या पैशांसाठी २२ लाखांची एफडी मोडावी की १३ टक्क्यांनी पर्सनल लोन घ्यावं?

पत्राच्या शेवटी मात्र आणखी एक ओळ आहे. ‘बँकेतल्या मॅडमनी सांगितल्यावरून वर्षाला ३ लाख हप्त्याची गॅरंटीड पॉलिसी घेतली, १० वर्षं भरायची, १५ वर्षांनी ५१ लाख मिळतील. माझ्या निवृत्तीनंतर मुलगी डॉलरमधून हप्ता भरेल.’ पॉलिसीचे कागद दोन आठवड्यांपूर्वी घरी आले.

सर, तुमच्या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी ही पॉलिसी परत करा, आणि याच आठवड्यात करा. कागद हाती पडल्यापासून ३० दिवस ‘फ्री लूक’ची मुदत असते. त्या मुदतीत पॉलिसी नको म्हणून लेखी कळवलं, तर स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाची किरकोळ रक्कम वजा करून बाकी पैसे परत मिळतात. अर्ज बँकेतल्या मॅडमकडे ठेवून येऊ नका. थेट विमा कंपनीला ईमेल करा, शाखेत प्रत देऊन पोच घ्या. ‘साहेब सुट्टीवर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ असं ऐकायला मिळेल. ते ऐकून घरी परतू नका, कारण त्यांच्यासाठी मुदत संपणं सोयीचं आहे.

३ लाखांप्रमाणे १० वर्षांत ३० लाख भरून पंधराव्या वर्षाअखेर ५१ लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम ५ टक्के. तुमची एफडी याहून जास्त देते. निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के मिळतात. तुमचं वय ६० नसलं तरी ५५ च्या पुढच्या निवृत्त माणसाला निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत तिथे खातं उघडता येतं. २८ लाख ठेवले तर तिमाहीला ५७ हजारांच्या आसपास व्याज येईल. इतका चांगला पर्याय दारात असताना, पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता गळ्यात घालणं ही चुकीची विक्री आहे, आणि मला त्याचा राग येतो.

पण व्याजदराहून मोठी चूक त्या ओळीतच आहे. तुम्ही जो पगार धरून चाललात, तो अजून अस्तित्वात नाही. सगळं पहिल्याच फटक्यात जमलं तरी मुलीने सप्टेंबरमध्ये अर्ज करायचा, मुलाखती ऑक्टोबर ते जानेवारी, मॅचचा निकाल त्यानंतरच्या मार्चमध्ये आणि रुजू व्हायचं १ जुलैच्या सुमाराला. आजपासून दीड वर्ष. तोवर दुसरा हप्ता भरून झालेला असेल आणि तुम्ही निवृत्त झालेले असाल. पहिल्या वर्षाचा पगार ६० ते ७० हजार डॉलर ऐकायला भरपूर वाटतो. कर, घरभाडं, गाडी आणि विमा गेल्यावर महिन्याला हजारभर डॉलर उरले तरी खूप झालं. रेसिडेन्सीत डॉक्टर शिकत असतो, तो पगार मोठ्या डॉक्टरचा नसतो.

आणि हे सगळं मॅच झालं तर. अमेरिकेबाहेर शिकलेल्या आणि अमेरिकेचे नागरिक नसलेल्या डॉक्टरांपैकी २०२४ आणि २०२५ मध्ये साधारण ५८ टक्क्यांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली. यातही ज्यांनी मुलाखतींनंतर आपल्या पसंतीच्या रुग्णालयांची प्राधान्ययादी भरली तेवढेच मोजलेले आहेत. ज्यांना एकही मुलाखत आली नाही आणि म्हणून यादी भरायची वेळच आली नाही, ते यात नाहीत. म्हणजे खरी शक्यता याहून कमी.

आता तुमच्या पॅकेजचा हिशोब याच आकड्यांवर करू. समजा संस्थेने १० मुलं घेतली. जमा १ कोटी ४० लाख. सर्वसाधारण प्रमाणाने ६ मुलं स्वतःच्या गुणांवर मॅच होतील. उरलेल्या चौघांना ७-७ लाख परत, म्हणजे २८ लाख. १ कोटी १२ लाख संस्थेकडे राहिले, आणि यासाठी कुणाची शक्यता एका टक्क्यानेही वाढवावी लागली नाही. अशी ‘गॅरंटी’ कुणीही देऊ शकतो.

मॅच विकत मिळत नाही, कारण ती एक केंद्रीय प्रक्रिया आहे. उमेदवार रुग्णालयांची प्राधान्ययादी देतो, रुग्णालयं उमेदवारांची, आणि मॅच चालवणाऱ्या एनआरएमपी या संस्थेचा संगणक दोन्ही जुळवतो. निकाल दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो. मॅचमध्ये भाग घेणाऱ्या कार्यक्रमाला, म्हणजे रुग्णालयाच्या रेसिडेन्सी विभागाला, आपल्या सगळ्या जागा मॅचमधूनच भराव्या लागतात. २०१३ पासूनचा हा नियम आहे. मार्चमधल्या निकालाच्या आठवड्यात सोमवारी ‘जागा मिळाली नाही’ असं कळलं, तर रिकाम्या जागांसाठी वेगळी फेरी होते. त्यातही उमेदवाराने स्वतःहून किंवा दुसऱ्याकरवी रुग्णालयांना फोन, ईमेल करायला मनाई आहे. ‘आमची आत ओळख आहे’ हे वाक्य कानावर आलं तर उठून या.

पॅकेजमध्ये ‘दोन शोधनिबंधांवर नाव’ आणि ‘तयार पर्सनल स्टेटमेंट’ (अर्जासोबत उमेदवाराने स्वतःबद्दल लिहायचा मजकूर) आहे म्हणता. हे फुकट मिळालं तरी घेऊ नका. न केलेलं संशोधन मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडं पडतं. अर्जात खोटी माहिती सापडली, तर ईसीएफएमजी (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना प्रमाणपत्र देणारी अमेरिकी संस्था) आणि एनआरएमपी चौकशी करतात आणि नोंद कायमची राहते. मुलीची सहा वर्षांची मेहनत त्यात जाईल.

मग खरा खर्च कुठे करायचा? डॉलर ९० रुपये धरू. स्टेप २ सीके (यूएसएमएलईचा पुढचा टप्पा), इंग्रजीची ओईटी परीक्षा आणि ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र मिळून सव्वादोन ते अडीच लाख. अर्जाची फी पहिल्या ३० कार्यक्रमांना प्रत्येकी सुमारे ११ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला सुमारे ३०. म्हणजे १०० अर्जांचे २,४३० डॉलर, सव्वादोन लाखांच्या आत. अमेरिकेत दोन महिने ऑब्झर्व्हरशिप (तिथल्या डॉक्टरसोबत राहून काम पाहणं), विमान आणि राहणं धरून पाच-साडेपाच लाख. सगळं मिळून दहा लाख, आणि मुख्य म्हणजे हे एकदम लागत नाहीत.

आधी फक्त स्टेप २. स्टेप १ ला २०२२ पासून गुण देत नाहीत, पास की नापास एवढंच कळतं. त्यामुळे कार्यक्रमांना तुलना करायला स्टेप २ चेच गुण उरले आहेत. ते चांगले आले तर ऑब्झर्व्हरशिपचे पैसे काढा. अमेरिकी डॉक्टरने स्वतः पाहून लिहिलेली शिफारसपत्रं हा त्या खर्चाचा खरा मोबदला. गुण पडले तर थांबा आणि मुलीशी पुन्हा बोला. तुम्ही आज १४ लाख भरलेत, तर हा थांबण्याचा हक्कच जातो.

पत्रात बॉण्डचा शब्दही नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस केल्यावर एक वर्ष सेवा, नाहीतर १० लाख रुपये. परदेशी जाण्याच्या घाईत हे १० लाख भरून टाकावेत असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एप्रिलच्या सुमाराला नेमणूक मिळाली तर पुढच्या एप्रिलला सेवा संपते, मॅच मार्चमध्ये लागतं, रुजू जुलैमध्ये व्हायचं. बरोबर बसतं. मुलाखती आता बहुतेक ऑनलाइनच होतात, तालुक्याच्या ठिकाणाहूनही देता येतात. वर्षभर पगार मिळेल आणि रुग्ण तपासण्याचा सराव सुटणार नाही, हाही फायदाच. ऑब्झर्व्हरशिप नेमणुकीच्या आधी बसते का, ते मुलीने आजच पाहावं, कारण व्हिसाच्या मुलाखतीलाच कधी कधी महिने लागतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. पर्सनल लोन अजिबात नको. १४ लाखांना १३ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता ३२ हजार होतो, म्हणजे ४८ हजार पेन्शनमधले दोन तृतीयांश गेले. एफडीतले १० लाख मुलीसाठी वेगळे काढा आणि वर सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने द्या. आणखी ४ लाख दुसऱ्या प्रयत्नासाठी ठेवा, कारण पहिल्या मार्चला नाही झालं तर अर्जाची फी पुन्हा भरावीच लागते. उरलेले ८ लाख तुमच्या दोघांच्या आजारपणाचे. त्यांना हात नाही. निवृत्तीचे २८ लाख रेसिडेन्सीच्या हिशोबात येतच नाहीत.

हा १० अधिक ४ असा १४ लाखांचा आकडा मुलीला आजच सांगा, आणि दोन प्रयत्नांनंतर भारतातल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट पीजी परीक्षेकडे वळायचं का हेही तिच्याकडूनच ऐका. एमबीबीएस होऊन जितकी वर्षं उलटतात तितके अमेरिकेतले कार्यक्रम अर्ज बाजूला ठेवतात, त्यामुळे तिसरा, चौथा प्रयत्न दरवेळी महाग आणि कमकुवत होत जातो.

राहिलं ५० हजारांचं टोकन. पावती असेल तर लेखी परत मागा. नाही मिळाले तर सोडून द्या, पण ते वाचवण्यासाठी उरलेले साडेतेरा लाख भरू नका.