यावलकडच्या खेड्यात फायबर नाही. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरला ४जी डोंगल (सिमवर चालणारा यूएसबी मोडेम) लावून घरचा राउटर होईल का?

होईल की. पायवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम टाका. डोंगल हायलिंक प्रकारचं, म्हणजे स्वतःच नेटला जोडणारं असेल तर ते साध्या नेटवर्क कार्डासारखं दिसतं. नुसता मोडेम असेल तर क्यूएमआयचं (मोडेमशी बोलायच्या पद्धतीचं) पॅकेज घालून एपीएन (सिम कंपनीच्या नेट जोडणीचं नाव) भरावा लागतो. एवढंच.

खरी गोम करंटची आहे. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून जेमतेम १.२ अँपिअर देतात. रेंज कमी असली की मोडेम जास्त ओढतो, मग कनेक्शन सारखं तुटतं आणि आपण सिमकार्डाला शिव्या घालत बसतो. स्वतःचा अॅडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्या. धाब्याच्या घराच्या जाड भिंतीत रेंज मरते, म्हणून मोडेम वायरीने खिडकीत, टॉवरच्या बाजूला आणा.

पाय मात्र पत्र्याखाली नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि चिप ८० अंशांवर गेली की पाय स्वतःच वेग कमी करतो. पंखा हवाच.

त्याचं स्वतःचं वायफाय खोलीभरच पुरतं. जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला, पायला जोडा. केळीच्या बागेतून घरचा कॅमेरा बघायचा असेल, तर सिमवर बहुधा सीजीनॅट असतं, म्हणजे नेटवरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट घरच्या यंत्रापर्यंत वाट देणं) चालत नाही. टेलस्केल हे खासगी जोडणीचं (व्हीपीएन) सॉफ्टवेअर टाका.