सल्ल्याचे पंचवीस हजार

तू विचारलंयस ते आधी थोडक्यात लिहून घेते. तुम्ही दोघं ऑगस्टमध्ये ब्रिटनमधल्या डर्बीला निघताय. कोल्हापुरातला राजारामपुरीचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय. इक्विटी म्युच्युअल फंडात वीस लाख आहेत, पीपीएफ आहे, विम्याच्या दोन पॉलिसी चालू आहेत. बाबा म्हणतात, कागलची शेती तुम्ही निघण्याआधी तुझ्या नावावर करून टाकू. नेहमीचे फंडवाले काका सगळं फुकट बघतो म्हणतात आणि पुण्यातला एक स्वतंत्र सल्लागार पंचवीस हजार फी सांगतो. द्यावेत का?

दे. पण एकदाच, निघण्याआधी, आणि नेमके प्रश्न लिहून नेऊन. दरवर्षी गुंतवणुकीच्या टक्केवारीने फी देण्याची तुला आज गरज नाही.

हे मी इतकं ठामपणे का सांगते ते ऐक. मी २०१४ मध्ये ब्रिटनला आले तेव्हा सल्ल्याला पैसे द्यायचे असतात हेच आमच्या घरात कुणाला पटलं नसतं. ओळखीचा माणूस असतो, तो घरी येतो, चहा घेतो, सह्या घेतो. माझे फंड तसेच चालू राहिले. २०१८ मध्ये घराच्या डिपॉझिटसाठी ते विकले आणि पैसे इकडे आणले. नफा सुमारे ८,००० पौंड. मला वाटलं, भांडवली नफ्यावर त्या वर्षी ११,७०० पौंडांपर्यंत सूट आहे, म्हणजे कर शून्य. पण ब्रिटनच्या कर खात्याकडे 'रिपोर्टिंग' म्हणून नोंद नसलेल्या परदेशी फंडाचा नफा भांडवली नफा धरलाच जात नाही, तो सरळ उत्पन्नात मिळवतात. बहुतेक भारतीय फंडांची ती नोंद नसते. माझा पगार ४० टक्क्यांच्या टप्प्यात होता. ३,२०० पौंड गेले. तेच फंड निघण्याआधी विकले असते तर त्या वेळच्या नियमाने वर्षाहून जुन्या इक्विटी फंडाच्या नफ्यावर भारतात करच नव्हता. एक तास कुणी जाणकार समोर बसला असता तर हे टळलं असतं. ती रक्कम मला अजून सलते, कारण ती आईने तिच्या भिशीतून भर घालून उभ्या केलेल्या पैशातली होती.

आता 'फुकट' या शब्दाचा हिशोब कर. काकांना तुझ्या रेग्युलर प्लॅनमधून दरवर्षी कमिशन मिळतं, ते फंडाच्या खर्चातून म्हणजे तुझ्याच पैशातून जातं. डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मधल्या माणसाशिवाय घ्यायचे, जानेवारी २०१३ पासून आहेत. दोन्हींतला फरक पाऊण टक्का धरलास तरी वीस लाखांवर वर्षाला पंधरा हजार होतात. काका वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही. माझ्या वडिलांच्या आजारपणात असाच एक विमा एजंट रात्री सीपीआर रुग्णालयात आमच्यासोबत थांबला होता, ते मी विसरणार नाही. पण 'हे फंड विकून टाक' हा सल्ला दिला तर ज्याचं स्वतःचंच उत्पन्न बुडतं, त्याच्याकडून तो सल्ला मागणं त्याच्यावरही अन्याय आहे.

पुण्याचा माणूस खरोखर स्वतंत्र आहे का ते तपास. सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था; तिचे गुंतवणूक सल्लागारांचे नियम २०१३ चे आहेत. नोंदणी क्रमांक 'आयएनए' ने सुरू होतो आणि सेबीच्या साइटवर नाव सापडतं. फंड विकणाऱ्याकडे असतो तो एआरएन, ती वेगळी गोष्ट. त्याला सरळ विचार: माझ्याकडून फी सोडून आणखी कुणाकडून तुम्हाला पैसे मिळतात का? उत्तर लेखी घे.

त्याच्याकडून काय काढून घ्यायचं? सगळ्यात मोठा प्रश्न फंडांचा. समजा वीस लाखांत आठ लाख नफा आहे आणि फंड वर्षाहून जुने आहेत. आज विकलेस तर सव्वा लाख वगळून उरलेल्यावर साडेबारा टक्के, म्हणजे ८४ हजार आणि वर सेस. हे तुझ्या एकट्याच्या नावावर धरून. निम्मे बायकोच्या नावावर असतील तर सव्वा लाखाची सूट दोघांनाही मिळते. ब्रिटनचे रहिवासी झाल्यावर विकलेस तर तिथलाही हिशोब मागे लागतो. एप्रिल २०२५ पासून तिथे नवीन नियम आहे. आधीची सलग दहा वर्षं तिथे रहिवासी नसलेल्याला पहिली चार कर-वर्षं परदेशी उत्पन्नावर आणि नफ्यावर माफी मागता येते. ऐकायला छान वाटतं. पण ज्या वर्षी ती मागशील त्या वर्षी पगारावरची १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा सोडावी लागते. तू ४० टक्क्यांच्या टप्प्यात असशील तर त्याची किंमत ५,०२८ पौंड. आठ लाख म्हणजे साधारण सात हजार पौंड, त्यावरचा ४० टक्के कर २,८०० च्या आसपास. माफी मागून तोटाच. म्हणून विकायचे तर निघण्याआधी, असं मला वाटतं. पण तुम्ही पाच वर्षांत परत येणार की तिथेच राहणार यावर ते फिरतं, आणि त्यासाठीच समोर बसून बोलणारा माणूस हवा.

हा ब्रिटिश भाग पुण्याच्या सल्लागाराला येत नसेल तर त्याने तसं मान्य करावं. मग तिकडच्या चार्टर्ड टॅक्स ॲडव्हायझरचा एक तास घे. तिकडचा गुंतवणूक सल्लागार पहिल्या वर्षी लागत नाही. कंपनीच्या पेन्शनमधून बाहेर पडू नकोस; किमान आठ टक्क्यांत निदान तीन टक्के मालकाचे असतात. पुढे सल्लागार घ्यायची वेळ आलीच तर तो 'इंडिपेंडंट' आहे की 'रिस्ट्रिक्टेड' हे पहिल्या भेटीत विचार. दुसरा ठरावीक कंपन्यांच्या किंवा ठरावीक प्रकारच्या योजनाच सांगतो. २०१२ च्या अखेरीपासून तिथे गुंतवणुकीच्या नव्या सल्ल्यावर कमिशन बंद आहे, त्यामुळे फी आकड्यात सांगावीच लागते. मनीहेल्पर ही सरकारी पाठबळाची सेवा मार्गदर्शन फुकट देते, सुरुवातीला तेवढं पुरतं.

काही कामांना सल्लागार लागतच नाही, ती तू स्वतः कर. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासीच्या भारतातल्या उत्पन्नासाठीचं) करून घे, एनआरई (परदेशातून पाठवलेल्या पैशासाठीचं) वेगळं उघड. म्युच्युअल फंडांच्या केवायसीत निवासीचा दर्जा बदलून अनिवासी कर. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, मुदत वाढवता येत नाही. भाडेकरूला आधीच सांग की मालक अनिवासी झाला की भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापावा लागतो. हे करारात लिहा, नाहीतर वर्षभराने भांडण होतं. पॉलिसींचं सरेंडर मूल्य आणि उरलेले हप्ते विमा कंपनीकडून लेखी मागव आणि तो कागद सल्लागारापुढे ठेव.

शेतीचं मात्र या पंचवीस हजारांत बसवू नकोस. अनिवासी झाल्यावर तुला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारशाने मात्र मिळू शकते. म्हणजे बक्षीसपत्र करायचं तर ऑगस्टच्या आत, नाहीतर बाबांचं मृत्युपत्र. बहिणीचा हिस्सा, सोसायटीचं पीककर्ज, ऊस कुणाच्या नावावर कारखान्याला जातो, हे सगळं त्यात येतं. त्याला जमिनीची कामं करणारा वकीलच हवा. सातबारा आणि आठ-अ चे ताजे उतारे काढ आणि वकिलाकडे जाताना बाबांना आणि बहिणीला दोघांनाही सोबत ने. जमीन अजून बाबांची आहे, त्यांना काय हवंय ते वकिलापुढे त्यांनाच बोलू दे.