रुग्णाच्या नाराजीला कोड द्यावा का?

प्रश्न : मी पुण्यात राहून अमेरिकेतील बाह्यरुग्ण विभागांचे चार्ट, म्हणजे रुग्णांच्या नोंदी, कोड करते; नोंदीतील आजार व उपचारांना ठरावीक कोड देते. अलीकडे एका चार्टमध्ये डॉक्टरांनी लिहिले होते, ‘कंबरदुखी कायम. आधीच्या डॉक्टरांनी म्हणणे ऐकून घेतले नाही म्हणून रुग्ण संतापलेली आहे.’ सहकाऱ्याने कंबरदुखीच्या जोडीला ‘आर ४५.४’, म्हणजे चिडचिड व राग, हा कोड लावण्यास सुचवले. ते योग्य होईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण दिलेला मजकूर एवढाच असेल, तर तो कोड लावू नये. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१०-सीएम या आजार-लक्षणांच्या कोडसूचीत ‘डॉक्टरांवर नाराज’ असा स्वतंत्र कोड नाही, आणि ‘आर ४५.४’ हे लक्षण आहे, तक्रारीची नोंद नव्हे. बाह्यरुग्ण कोडिंगच्या नियमांनुसार त्या भेटीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या आणि उपचारांची गरज असलेल्या किंवा उपचारांवर परिणाम करणाऱ्या बाबीच कोड करायच्या असतात. डॉक्टरांनी रागाचे मूल्यमापन करून त्यासाठी काही उपाय लिहिला असता, तर वेगळा विचार करता आला असता. इथे मात्र त्या बाईंचा संताप सकारण दिसतो; त्याला लक्षणाचे लेबल लावले, की पुढचा डॉक्टर चार्ट उघडताच दुखण्याआधी स्वभाव वाचणार. शिवाय एप्रिल २०२१ पासून तेथील रुग्णांना आपल्या बहुतेक नोंदी विनाविलंब वाचायला मिळतात.

‘झेड ६४.४’ हा कोड काही जण वापरू पाहतात, पण तो समुपदेशक, समाजसेवक यांच्याशी झालेल्या बेबनावासाठी आहे. नाराजीतून काही घडले असेल, तर त्या घटनेला कोड मिळतो. रुग्ण ताटकळून, तपासणीआधीच निघून गेला तर ‘झेड ५३.२१’; इतर कारणाने ठरलेली प्रक्रिया त्याने स्वतःच नाकारली तर बहुधा ‘झेड ५३.२९’. सांगितलेले उपचार पाळले नाहीत म्हणून ‘असहकार’ लिहिण्याआधी कारण मात्र अवश्य पाहावे, कारण पैशांअभावी उपचार थांबवणाऱ्यासाठी ‘झेड ९१.१९०’ असा निराळा कोड आहे, आणि परवडत नाही म्हणून थांबलेला माणूस हट्टी ठरू नये.

डॉक्टरांचा बराच वेळ रुग्णाचे गाऱ्हाणे ऐकण्यात गेला असेल, तर त्याची दखल भेटीच्या पातळीत, म्हणजे बिलासाठी ठरणाऱ्या श्रेणीत, घेता येते. २०२१ पासून दवाखान्यातील भेटीची पातळी वैद्यकीय निर्णयाच्या गुंतागुंतीवरून किंवा त्या दिवशी डॉक्टरांनी दिलेल्या एकूण वेळेवरून ठरते. अट एकच, ती वेळ नोंदीत लिहिलेली असली पाहिजे. कोडरने अंदाजाने धरलेली वेळ चालत नाही.

आधीच्या डॉक्टरांविरुद्धची तक्रार ही निराळी बाब आहे. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या अमेरिकी सरकारी आरोग्यविमा योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयांना रुग्णांच्या तक्रारींसाठी ठरावीक कार्यपद्धती ठेवावी लागते, आणि तिची कागदपत्रे तिथेच राहावीत. चार्टमध्ये ‘तक्रार नोंदवली’ अशी ओळ घालण्याचे कारण नाही. चार्टमध्ये रुग्णाचे शब्द अवतरणचिन्हांत, तपासणीत काय आढळले आणि पुढे काय ठरले, एवढे पुरेसे असते. ‘भांडखोर’, ‘त्रासदायक’ असली विशेषणे कोडिंगच्याही कामाची नसतात.

तरीही शंका राहिली, तर डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे नोंदीबाबत लेखी विचारणा, पाठवावी. ‘रागाचा कोड लावू का?’ असे उत्तर सुचवणारे विचारू नये. ‘नोंदीतील भावनिक अवस्थेचे आजच्या उपचारांच्या दृष्टीने काही महत्त्व असल्यास ते स्पष्ट करावे’ असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत ‘एम ५४.५०’ हा कंबरदुखीचा कोड तेवढा ठेवावा.