व्हिडिओ क्रोममध्ये चालतो, फायरफॉक्समध्ये नुसता आवाज येतो, आयफोनवर सुरूच होत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की लातूरच्या तुमच्या क्लासच्या वेबसाइटवर सरांच्या तासाचा व्हिडिओ टाकलाय. तुमच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये तो नीट चालतो, एका पालकाच्या फायरफॉक्समध्ये चौकट काळी राहून नुसता आवाज येतो आणि आयफोनवर तर सुरूच होत नाही. मी संभाजीनगरात वेबसाइट करून द्यायचं काम करतो. माझ्या मते हे दोन वेगळे बिघाड आहेत. एकाच औषधाने दोन्ही जाणार नाहीत.

आधी काळी चौकट. आवाज येतोय म्हणजे फाइल पोचतेय, फक्त चित्र उलगडत नाही. फाइलच्या नावापुढचं एमपी४ हे नुसतं पोतं आहे, आत माल कुठला ते त्यावरून कळत नाही. तुमच्या आडतीत पोत्यावर काय लिहिलंय ते कोणी बघत नाही, हात घालून मूठभर सोयाबीन बाहेर काढतात. तसंच इथे करायचं. फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा, कंट्रोल आणि जे दाबा. कोडेक म्हणजे चित्र आवळून भरायची पद्धत. त्यापुढे एच.२६५ किंवा एचईव्हीसी (दोन्ही एकच) दिसलं की चोर सापडला. २०१७ च्या आयओएस ११ पासून नवे आयफोन मुळातच या प्रकारात शूटिंग करतात. क्रोम २०२२ पासून ते दाखवतो, पण कॉम्प्युटरच्या हार्डवेअरमध्ये तशी सोय असेल तरच. फायरफॉक्सने विंडोजवर ही सोय २०२५ मध्ये आणली. त्या पालकांचा लॅपटॉप किंवा फायरफॉक्स जुना असणार.

पैठणच्या एका विणकरांच्या दुकानाची वेबसाइट मी केली तेव्हा नेमकं हेच झालं होतं. पुतण्याने मागावर बसलेल्या काकांचा सुंदर व्हिडिओ काढला होता. पदरावरचा मोर, कांड्या सरकवणारी बोटं, सगळं अगदी जवळून. माझ्याकडे छान चालला. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "अहो, फणी ठोकल्याचा आवाज येतोय, पण माग दिसंना!" मी दोन दिवस वेबसाइटचा कोड उलटापालटा करत बसलो आणि फाइल उघडून बघितलीच नाही. तुमचे ते दोन दिवस वाचावेत म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

उपाय सोपा आहे. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात एमपी४, चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी निवडा. ही जोडी आज वापरात असलेल्या सगळ्या ब्राउझरमध्ये चालते. तिथेच 'वेब ऑप्टिमाइज्ड' अशी खूण आहे, ती विसरू नका. तिने व्हिडिओची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटून सुरुवातीला येते, म्हणजे पूर्ण फाइल उतरायची वाट न बघता व्हिडिओ सुरू होतो. आणि फळ्यावरच्या गणितासाठी ७२०पी एवढी स्पष्टता पुरे. औसा-निलंग्याची मुलं मोबाइल डेटावर बघणार आहेत, त्यांचा विचार करा. पुढच्या वेळी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' ठेवूनच शूटिंग करा.

आता आयफोन. एच.२६५ आयफोनला उत्तम कळतं, म्हणून इथे फाइलवर संशय नको, सर्व्हर बघा, म्हणजे तुमची वेबसाइट जिथे ठेवलीय तो कॉम्प्युटर. आयफोनचा ब्राउझर सफारी आधी फाइलचे पहिले दोनच बाइट मागून सर्व्हरची परीक्षा घेतो. सर्व्हरने तेवढाच तुकडा दिला तर पुढचं मागतो. सगळी फाइल एकदम अंगावर टाकली तर व्हिडिओ लावतच नाही. क्रोम मात्र हे चालवून घेतो, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. क्रोममध्ये एफ१२ दाबा, नेटवर्कमध्ये जाऊन पान पुन्हा उघडा आणि व्हिडिओच्या ओळीपुढचा आकडा वाचा. २०६ हवा, म्हणजे सर्व्हर तुकडा देतोय. २०० असेल तर तो सगळी फाइल एकदम देतोय, बिघाड तिथेच आहे. तिथेच कंटेंट-टाइपही (सर्व्हर सांगतो तो फाइलचा प्रकार) बघा, 'व्हिडिओ/एमपी४' असायला हवा. माझ्याकडे आलेल्या एका साइटवर आधीच्या माणसाने व्हिडिओ सर्व्हरवरच्या एका छोट्या प्रोग्रॅममधून (पीएचपीच्या स्क्रिप्टमधून) पाठवला होता आणि त्या स्क्रिप्टला तुकडे द्यायची अक्कलच नव्हती. फाइल सरळ फोल्डरमध्ये ठेवून तिचा थेट पत्ता दिला, आयफोनवर लगेच चालू झाली.

व्हिडिओ आपोआप सुरू व्हावा असं वाटत असेल तर पानाच्या कोडमधल्या व्हिडिओच्या टॅगमध्ये 'ऑटोप्ले'सोबत 'म्यूटेड' (आवाज बंद) आणि 'प्लेजइनलाइन' (पानातच चालावा) लिहावंच लागतं. तरीही लो पॉवर मोडमध्ये आयफोन तो रोखतो, म्हणून 'कंट्रोल्स', म्हणजे चालू-बंदची बटणं, ठेवाच. खरं तर क्लासच्या साइटवर आपोआप काही वाजू नये असं मला मनापासून वाटतं.

पूर्ण तासाचे व्हिडिओ टाकणार असाल तर ते यूट्यूबवर 'अनलिस्टेड' (शोधात न दिसणारे) ठेवून पानात बसवा, तुमच्या होस्टिंगवर भार नको. फक्त ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता चिकटवू नका, तो चौकटीत उघडत नाही. 'शेअर'मधल्या 'एम्बेड'चा कोड घ्या.

आधी व्हीएलसी आणि एफ१२ एवढंच करा. कोडेक आणि तो आकडा इथे लिहा, मी रात्री बघतो.