जेसीबी जरा थांबवा

प्रश्न : आमचं घर प्रयाग चिखलीच्या बाजूला आहे. परड्याच्या टोकाला ओढा लागतो, तो पुढं पंचगंगेला मिळतो. पाऊस लागल्यापासून काठावरच्या अळवात रात्रभर काहीतरी ‘क्वाक् क्वाक्’ करत असतं. परवा तिथंच कोंबडीच्या पिल्लांएवढी काळी पिल्लं दिसली. पाण्यात सापही आहे. उघडीप मिळाली की जेसीबी लावून काठ साफ करायचं घरात चाललंय. मला मात्र पक्ष्यांना दाणे टाकायची हौस आहे. काय करू?
— एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : ताई, दाण्यांचं नंतर बघू. आधी त्या जेसीबीवाल्याला नको म्हणून सांगा.

रात्री ओरडतेय ती लाजरी पाणकोंबडी. वरून काळपट, तोंड आणि छाती पांढरीफेक, शेपटीखाली विटकरी. पावलागणिक शेपटी उडवत चालते, त्यामुळं लांबूनही ओळखता येते. एरवी तिचा आवाज फारसा नसतो, पण पावसाळा हा तिचा विणीचा हंगाम. तेव्हा आधी घुरघुर आणि मग क्वाक् क्वाक् तासन्‌तास. झोपेचं खोबरं होतं खरं, आमच्याही घरी होतं. ती काळी पिल्लं तिचीच. नर-मादी दोघं मिळून त्यांना सांभाळतात. एखादं एकटं दिसलं तरी पोरांना उचलू देऊ नका, आई-बाप अळवातच कुठंतरी असतात. आणि घरटं दाट गवतात, बहुतेक वेळा जमिनीलगतच. म्हणजे जेसीबीच्या पहिल्या फटक्यात जायचं.

बघायचं असेल तर सकाळी लवकर मागच्या दारात चहा घेऊन बसा. हलायचं नाही, बोलायचं नाही. चिखलाच्या कडेला मातकट रेघांचा एक बगळा मान आखडून उभा असेल. तुमची नजर दोनदा त्याच्यावरून जाईल तरी दिसायचा नाही. उडाला की पंख पांढरेशुभ्र! तो वंचक. याला कॅमेरा वगैरे लागत नाही, धीर लागतो. काठाची उभी दरड असेल तर तिच्यात भोक आहे का पाहा, खंड्या तिथं बीळ खोदून अंडी घालतो. तो नुसते मासेच खातो असं नाही. नाकतोडे, सरडेही उचलतो.

सापाचं नीट वाचा. पाण्यात पोहणारा, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन, डोळ्यापासून मागं दोन काळ्या रेघा, असा असेल तर तो विरोळा. बिनविषारी, मासे-बेडूक खातो, धरला तर मात्र कडकडून चावतो. पण काठावर वेटोळं घालून बसलेला, पाठीवर लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असलेला, मोठ्यानं फुत्कारणारा दिसला तर ती घोणस. मागं फिरा आणि सर्पमित्राला बोलवा. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. रात्री परड्यात जाताना बॅटरी हवीच.

म्हणूनच दाणे नकोत. दाण्यांमागं उंदीर येतात, उंदरांमागं घोणस. पाणकोंबडीला किडे, गोगलगायी तिथंच मिळतात. उन्हाळ्यात ओढा आटला तर पसरट भांड्यात पाणी ठेवा, तेवढं पुरे.

पाण्यावर केंदाळ साचलं असेल तर ते हातानं खुशाल काढा. काठाचं गवत कापायचंच असेल तर दिवाळीनंतर, विळ्यानं आणि घराकडच्या बाजूचंच.