दुकानात ट्राय करू देत नाहीत, मग वायरवाल्या इन-इअर इअरफोनचा आवाज आणि मजबुती घरी कशी पारखायची?

तुम्ही लिहिलंय की बजेट दोन हजारांच्या आत आहे, एम.जी. रोडवर तीन दुकानं फिरलात, कुणी कानात घालून बघू दिलं नाही. शेवटी ऑनलाइन मागवला आणि आता "बेसच नाही" म्हणून परत करायच्या बेतात आहात. परत करायला सहा दिवस हातात आहेत. तर आधी एक करा, डब्यात इअरफोनच्या टोकाला लावायची ज्या दुसऱ्या साइजची रबरं आली असतील ती लावून बघा.

थट्टा करत नाहीये. मी नाशिकच्या अंबडला पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. आलेला माल पास करायचा की रिजेक्ट, हेच दिवसभराचं काम. घरी आल्यावर हाताला सवय राहावी म्हणून ओळखीपाळखीच्यांचे इअरफोन दुरुस्त करतो. "बेस गेला" म्हणून माझ्याकडे आलेले कितीतरी इअरफोन मी स्क्रू न उघडता, सोल्डरिंग गन गरम न करता, नुसती रबरं बदलून परत दिलेत.

कारण साधं आहे. इन-इअर इअरफोनमधला पडदा आणि तुमच्या कानाचा पडदा यांच्यामध्ये चिमूटभर हवा कोंडलेली असते. खालचा सूर म्हणजे ती हवा दाबणं आणि सोडणं. रबर सैल बसलं की हवा बाजूने निसटते आणि बेस तिच्याबरोबर जातो. हापशाचा वायसर फाटल्यावर दांडा कितीही मारा, पाणी वर येत नाही ना, तसंच. वरचे सूर मात्र गळतीतही ऐकू येतात, म्हणून माणसाला वाटतं की इअरफोनच किरकिरा आहे.

गळती आहे की नाही हे बघायला गाणं लागत नाही. दोन्ही बाजू कानात घाला, तोंड मिटा आणि "हंऽऽ" असा हुंकार द्या. रबर घट्ट बसलं असेल तर स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. एकाच बाजूला घुमला तर दुसरी बाजू गळतेय. माझ्या डाव्या कानाला मधली साइज लागते, उजव्याला मोठी. हे कळायला मला चार वर्षं लागली, कारण दोन्हीकडे एकच साइज घालायची असं मी गृहीत धरलं होतं. घालायची पद्धतही आहे. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, नळी सरळ होते, मग इअरफोन जरा फिरवत आत सरकवायचा. फोमची रबरं असतील तर बोटांनी चुरगाळून बारीक करायची, आत घालायची आणि फुगेपर्यंत तशीच धरून ठेवायची.

हे झाल्याशिवाय आवाजाबद्दल काही बोलू नका. आणि ऑनलाइन रिव्ह्यू वाचताना हेही लक्षात ठेवा की लिहिणाऱ्याच्या कानात तो नीट बसला होता की नाही, ते आपल्याला कळत नाही.

आता आवाज. दोन इअरफोन समोरासमोर ठेवणार असाल तर आधी दोघांचा व्हॉल्यूम सारखा करा. जो थोडासा जास्त मोठा वाजतो तो आपल्याला "क्लिअर" वाटतो, मग तो बरा असो की वाईट. एकाच फोनवर, एकाच आकड्यावर ठेवून हे होत नाही, कारण प्रत्येक इअरफोन तेवढ्याच विजेवर कमी-जास्त मोठा वाजतो. एखाद्याचं नुसतं बोलणं लावून कानाने जुळवा. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, मीही फसलोय.

कशावर तपासायचं? लोक इंग्रजी टेस्ट ट्रॅक डाउनलोड करतात. आपण नाशिकचे, आपल्याकडे ढोल आहे. ढोल-ताशाचं एखादं बऱ्यापैकी रेकॉर्डिंग घ्या. मोबाइलवर मिरवणुकीत काढलेला व्हिडिओ नको, त्यात माइकनेच हात टेकलेले असतात. ढोलाचा ठोका पडला की तो संपला पाहिजे. वाईट इअरफोनमध्ये ठोका संपतच नाही, पुढच्या ठोक्यापर्यंत गुळगुळीत घुमत राहतो आणि सगळा ढोल म्हणजे एक लांबलचक "हूंऽऽ" होतो. त्याला दुकानदार "एक्स्ट्रा बेस" म्हणतो. ताशाचं उलट. काडीची तडतड सुटी ऐकू यायला हवी, पण दहा मिनिटांनी कान मिटावेसे वाटले तर वरचे सूर गरजेपेक्षा जास्त ठेवलेत.

यापेक्षा बारीक चाचणी हवी असेल तर तबला. डग्ग्यावर मनगट घासून जो "घेंऽ" वर चढतो, तो खालपासून वरपर्यंत अखंड चढायला हवा. मध्येच एखाद्या जागी फुगला तर त्या जागी इअरफोनला गाठ आहे. तानपुऱ्यात जवारीची ती मधमाशीसारखी झणझण शोधा. तार छेडली आहे एवढंच कळतंय आणि झणझण नाही, म्हणजे वरचा पट्टा दबलाय.

माझी सगळ्यात आवडती चाचणी मात्र नुसत्या बोलण्याची आहे आणि ती मराठीतच जमते. "चार" मधला च आणि जनावरांच्या "चारा" मधला च वेगळे. पहिला टाळूवरचा, दुसरा दातांजवळचा. या दोन चं मधला फरक म्हणजे हवेच्या घासण्याचा फरक आणि तो वरच्या सुरांत असतो. घरातल्या कुणालातरी फोनवर रेकॉर्ड करायला लावा, "चार गाईंना चारा घाल". दबक्या इअरफोनमध्ये दोन्ही च एकाच चुलीतून निघाल्यासारखे वाटतात. उलट "सकाळचे सात वाजून सत्तावीस मिनिटं" ऐकताना प्रत्येक "स" सुईसारखा टोचला तर तो इअरफोन फारच तीक्ष्ण आहे. (आधी फोनमधलं सूर कमी-जास्त करणारं इक्वलायझर बंद करा. माझ्या भाचीने महिनाभर एक इअरफोन शिव्या घालत वापरला, फोनमध्ये "रॉक" लावून ठेवलेलं होतं.)

गाणाऱ्याचा आवाज कुठे उभा आहे हेही बघा. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपास आपोआप घुमते, म्हणून उघड्या कानाने जग ऐकताना तो पट्टा आपल्याला नेहमीच उचललेला मिळतो. इअरफोनने भोक बुजवलं की ते घुमणं बदलतं, मग बनवणाऱ्याला तो उचल स्वतः द्यावा लागतो. कमी दिला तर गायक पडद्यामागे गेल्यासारखा, जास्त दिला तर कानाशी येऊन ओरडल्यासारखा. त्यामुळे "आमचा इअरफोन एकदम फ्लॅट आहे" ही जाहिरात वाचली की मला गंमत वाटते. मशीनवर मोजताना सगळे सूर सारखे देऊन सरळ रेघ काढणारा इन-इअर कानात मंद वाजेल.

डब्यावरच्या आकड्यांत फार वेळ घालवू नका. "२० ते २०,००० हर्ट्झ" सगळेच छापतात. त्या दोन टोकांना आवाज किती पडतो हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. "१० एमएम ड्रायव्हर" म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाचं नुसतं माप झालं, त्यावरून दर्जा कळत नाही. तीच गोष्ट ड्रायव्हरच्या संख्येची. अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीने १९९१ साली ईआर-४ आणला तेव्हा त्यात एका बाजूला बॅलन्स्ड आर्मेचर जातीचा एकच छोटा ड्रायव्हर होता आणि तिपदरी रबर कानात खोल बसायचं. त्याची ख्याती झाली ती अचूक आवाज आणि घट्ट बसणं या दोन गोष्टींवर. १६ ते ३२ ओहमचा (हा विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा) साधा इअरफोन कुठलाही फोन चालवतो, वेगळा अँप्लिफायर घेऊ नका.

फोनला जॅक नसेल तर मात्र टाइप-सी डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकात लावायचा जॅकचा जोड, जपून घ्या. काही स्वस्त डोंगलांत नुसती तार असते, आत डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी डॅकची चिप नसतेच, आणि ते ठरावीक फोनांवरच वाजतात. तुमच्या फोनवर मुके राहिले तर इअरफोनला दोष देऊ नका.

मजबुतीकडे मी पूर्ण वेगळ्या डोळ्यांनी बघतो. दुरुस्तीला आलेल्यांत ड्रायव्हर जळालेला क्वचित, तार तुटलेली कायम. आणि तुटते ती ठरलेल्या जागी, जॅकच्या मुळाशी, नाहीतर वायर कानात बसणाऱ्या डबीत शिरते तिथे. त्या जागी लवचीक रबरी बाही आहे का बघा. बाही बोटाने वाकवा. तिच्याबरोबर वायर गोल वळणात वाकली तर ठीक, बाही दगडासारखी कडक असेल आणि तिच्या काठावरच वायरला कोन पडत असेल तर तुटण्याची जागा तिथेच ठरली. मग गाणं चालू ठेवून प्रत्येक सांध्यापाशी वायर हलकेच हलवा. एकदाही खरखरलं किंवा एक बाजू गेली तर विचार करू नका, परत.

कानाची डबी दोन अर्ध्या शिंपल्यांची असते. जोडावर नख फिरवा, नख अडकायला नको. नळीच्या तोंडावर जाळी हवीच, नाहीतर कानातला मळ थेट ड्रायव्हरवर. डबीवर सुईएवढं एक भोक दिसलं तर घाबरू नका, ते हवेसाठी मुद्दाम ठेवलेलं असतं, त्यावर चिकटपट्टी लावू नका. कानात दाबताना आत "कट्" असा बारीक आवाज आला तर पडदा हवेच्या दाबाने वाकून परत आला. रोज वापरायला चालतं, कटकट मात्र होते.

वायर छातीवर घासली की कानात धपधप येते का, हे चालताना बघा. मी निमाणीहून अंबडला सिटीलिंक बसने जातो, खिडकीशी बसलो की शर्टाची गुंडी वायरला लागते आणि गाण्यात टकटक सुरू. वायर कानाच्या वरून मागे घेतली की हे बरंच कमी होतं.

सुटी होणारी वायर मिळाली तर घ्या, माझं मत ठाम आहे. एका नावाजलेल्या कंपनीचा साडेचार हजारांचा इअरफोन मी घेतला होता, वायर सुटी न होणारी. आवाज आजही आठवतो असा. वर्षभरात वायरचा कानामागचा भाग घामाने कडक झाला, हिरवा पडला आणि एका उन्हाळ्यात साल तडकली. वॉरंटीवाल्यांनी "फिजिकल डॅमेज" लिहून परत पाठवला. स्वतः उघडायला गेलो तर तिथली तार केसापेक्षा बारीक, वर लाखेचा मुलामा, आत रेशमासारखा धागा. मुलामा जाळल्याशिवाय टाका धरत नाही आणि जाळताना तारच जळते. तिसऱ्या प्रयत्नात एक बाजू वाजली, दुसरी नाही. दोन पिनांची वायर असती तर काही शे रुपयांत नवी लावून मोकळा झालो असतो. फक्त ती पिन लावताना उलटी लावू नका. एक बाजू उलटी झाली की दोन्ही पडदे विरुद्ध दिशेला ढकलतात, बेस पातळ होतो आणि मध्ये उभा असलेला गायक डोक्याभोवती पसरतो. फोनच्या सेटिंगमध्ये "मोनो" करून, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज ठेवून, बोलणं लावा, ते बरोबर मधोमध ऐकू आलं पाहिजे.

जाता जाता एक, रबर घट्ट बसलं की बाहेरचा गोंगाट अडतो आणि व्हॉल्यूम आपोआप खाली येतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० ला फक्त ४. द्वारका चौकाच्या सिग्नलवर सैल इअरफोन ऐकू यावा म्हणून आपण किती चढवतो ते एकदा बघा.

आता तुमचे सहा दिवस. रबरं बदलून हुंकार घुमला, बेस आला, तर विषय संपला. तरीही एक बाजू कमी वाटत असेल तर डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घाला, आकार वेडावाकडा बसला तरी दोन मिनिटं धरून ठेवा. कमी आवाज इअरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला तर आधी फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत डावा-उजवा बॅलन्स मधोमध आहे ना ते बघा. तो ठीक असेल तर माल खराब, आजच परतीची नोंद करा. कमी आवाज त्याच कानात राहिला तर आधी त्या बाजूचं रबर पुन्हा नीट बसवा. तरीही फरक पडला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून मळ काढून घ्या. माझ्या एका सहकाऱ्याचा असाच निघाला, तोवर त्याने दोन इअरफोन परत केले होते.