वाळक्या भोपळ्याला नक्षीची भोकं पाडून करतात तो दिवा घरी करता येतो का? भोपळा कुठला घ्यावा? आम्ही सोलापूरचे.

येतो की! आणि तुम्ही सोलापूरचे म्हणताय, म्हणजे निम्मं काम झालंच. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना लागणारा भोपळा आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर भागातून जातो. तोच कडू भोपळा घ्या. मंडईतला कोवळा दुधी वाळत नाही, सडतो. वाद्याला मोठा, सुबक गोल लागतो. दिव्याला लहान, जरा वाकडाही चालतो. शेतकऱ्याकडे तसलाच मागा.

माझा पहिला भोपळा मी फुकट घालवला. सावलीत टांगला होता, सालीवर काळी बुरशी दिसली आणि मी घाबरून फेकून दिला. वाळताना तसे डाग पडतातच हो! पाण्यात भिजवून तारेच्या घासणीने घासले की निघतात. हातात हलका लागला, हलवल्यावर बिया खुळखुळल्या, की वाळला समजा.

बुडाला हात जाईल एवढं भोक करवतीच्या पात्याने कापा आणि आतला गर चमच्याने खरवडा. तोंडाला रुमाल बांधाच, त्या कडू भुशाने खोकून जीव जातो.

नक्षीसाठी मी आईचा रांगोळीचा कागद पळवला, उदबत्तीने ठिपके पाडलेला. गोलाव्यावर तो चुरगळतो, म्हणून पट्ट्या कापून चिकटवल्या, पेन्सिलीने ठिपके उतरवले आणि ड्रिलने 2 ते 5 मिलिमीटरची भोकं पाडली. दोन भोकांमध्ये निदान एका भोकाएवढी जागा सोडा. मी हावरटपणा केला, तर कमळाची अख्खी पाकळी तुटून आत पडली. छत्तीसगडात बस्तरकडे तापवलेल्या सुरीने सालीवर डागून नक्षी काढतात. ते करून पाहिलं. बोट भाजलं, विषय संपला.

आता बल्ब. इथेच बहुतेकांचं चुकतं. दुधी काचेचा लावला तर भिंतीवर नुसता पिवळा उजेड पसरतो, नक्षी उमटत नाही. उजेड शक्यतो एका बिंदूतून यायला हवा, म्हणून पारदर्शक काचेचा छोटा एलईडी घ्या, तीनेक वॉटचा. थोडक्यात, दुधी भोपळा नको आणि दुधी बल्बही नको. आत पणती ठेवायचं तर मनातही आणू नका, वाळका भोपळा भुरकन पेटतो.

टांगल्यावर पंखा बंद करून बघा, नाहीतर सगळी खोली गरगरते. मे महिन्यात मात्र दहा मिनिटांच्या वर कुणी बसत नाही, आमच्याकडे तरी.